खरारा

पार्सनिप आज पुन्हा डाव्या कुशीवर लोळून आलीय.
पार्सनिप म्हणजे खरं तर एक पांढरं, गोडसर कंदमूळ,
गाजराचं चुलत भावंड. ही मात्र घोडी,
आणि अबलख,
असं ग्लेनिस प्रॉसर म्हणते म्हणून मानायचं.
फेब्रुवारीत क्लनच्या उतारावर
काळं-पांढरं काही उरत नाही.
सगळं एकाच तपकिरी मताचं.

ग्लेनिस चिखलाला बोट लावते,
पाकाची तार बघावी तसं.
"ओला आहे. आत्ता ब्रश फिरवलास तर आत सारशील.
थांब."

मग थांबायचं.
चहाच्या मगाची वाफ, घोडीच्या पाठीची वाफ,
माझ्या तोंडाची.
आठवडाभर मी काउंटरमागून लोकांना सांगतो:
दिवसातून दोनदा, जेवणानंतर, कोर्स मध्येच सोडू नका.
शनिवारी मला चिखल सांगतो,
अजून नाही.

हातात रबराचं खरखरीत, गोल काहीतरी.
पहिल्या दिवशी तिनं नाव सांगितलं, करी कोम,
आणि कानापर्यंत लाल झाली,
मला वाटेल आपली थट्टा चाललीय म्हणून.
मला मात्र हसू आलं ते भलत्याच कारणानं:
अच्छा, तो खरारा हा!
खरारा, मोतद्दार, तंग, रिकीब, पागा,
शाळेत अर्थ लिहून प्रत्येकी अर्धा मार्क मिळवलेली ही मंडळी
चाळीस वर्षं माझ्या तोंडात
बिनघोड्याची उभी होती.

घोड्यावर याआधी एकदाच बसलो. इचलकरंजीत, वरातीत,
दहा मिनिटं.
लगाम दुसऱ्याच्या हातात
आणि डोळ्यांपुढे मुंडावळ्या.
ते जनावर कुठल्या रंगाचं होतं
तेही सांगता येणार नाही.

आता सुकलाय.
गोल, गोल, केसांच्या उलट, मग केसांसारखं.
धूळ उठते, माझ्या दातांत करकरते,
चष्म्यावर बसते.
पार्सनिपचा खालचा ओठ सैल पडतो, लोंबतो,
दुपारच्या प्रवचनात
पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या कुणाचा तरी.
पाठीवर एक पांढरं बेट वर येतं.
मला चेव चढतो. मान, पुठ्ठे, पायांचे झुपके,
सगळंच लख्ख करीन म्हणतो.

"चमकवू नकोस तिला," ग्लेनिस बादली आपटत जाते.
"खोगीर बसतं तिथे. तंग जातो तिथे.
बाकीचं तिचं तिला राहू दे, थंडी आहे."

तंगाच्या जागी, पुढच्या पायामागे,
हात अडला.
काळ्या केसांत एक पांढरा ठिपका,
पन्नास पेन्सच्या नाण्याएवढा.
चट्टा जुना. पण घोडीनं कातडी थरथरवली,
माशी नसताना.
कुणीतरी घाईत असणार. उशीर झालेला असणार.
दिसत नाही म्हणून तिथला एवढासा खडा
तसाच ठेवून त्यावर पट्टा आवळला असणार.
"माझ्या आधीचं," ग्लेनिस म्हणाली,
मी काही विचारलं नव्हतं तरी.

मी खरारा खाली ठेवला.
नखांनी, मग नुसत्या तळव्यानं,
एकेक कण.
बाराचा तास अर्ध्यावर आला.
तंग एका भोकानं वर घेतला, थांबलो,
पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली,
मग आणखी एक भोक.

रस्त्यावर आलो तेव्हा वीस मिनिटं उरली होती.
तासभर जे साफ केलं
ते नेमकं माझ्याखाली झाकलेलं.
कुंपणांना, मेंढ्यांना, समोरून आलेल्या पोस्टाच्या व्हॅनला
दिसत होती फक्त एक चिखलाची घोडी
आणि तिच्यावर जवळपास त्याच रंगाचा गृहस्थ.

व्हॅनवाल्यानं इंजिन बंद केलं, आम्हाला वाट दिली.
स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं,
इथल्या रिवाजाप्रमाणे.
मीही उचललं.
नखाखाली अजून होतं थोडं.